आंबट पाणी, कडू पाणी

दुखणं पहिल्यांदा आलं ते २०२१ च्या दसऱ्याला. नवरात्राचे नऊ दिवस मी दूध, केळी आणि एक वेळ राजगिऱ्याचा लाडू एवढ्यावर काढले होते. दसऱ्याला पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी. रात्री साडेअकराच्या सुमारास बरगड्यांखाली, पोटाच्या मधोमध, आतून कुणी मूठ आवळावी तसं व्हायला लागलं. येते-जाते अशी कळ नव्हती. अर्ध्या तासात चढलं आणि चढलं ते तिथंच राहिलं. मग पाठीत गेलं, उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाऊन बसलं. उठून बसले, आडवी झाले, गार भिंतीला पाठ लावून पाहिली, काही केल्या उतरेना. सासूबाई उठून आल्या. "पित्त झालंय गे तुला. नऊ दिवस उपाशी, आणि एकदम पुरणावर तूप. थांब, कोकम भिजवते." पहाटे तीनला दुखणं आपोआप ओसरलं. आम्हा दोघींनाही वाटलं, कोकमानं उतरलं.

पुढची दोन वर्षं मी त्या एका शब्दावर काढली.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका खेड्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते. वर्गात पचनसंस्थेचा तक्ता आहे. त्यात यकृताच्या खाली एक छोटी हिरवी पिशवी असते. वर्षानुवर्षं पट्टीचं टोक तिच्यावर ठेवून मी मुलांना सांगत आले, "हे पित्ताशय, यात पित्त साठतं." आणि घरी येऊन, जेवण छातीशी जळजळलं की "पित्त झालं" म्हणत आले. ही दोन पित्तं वेगळी आहेत हे मला त्या तक्त्यासमोर उभं राहूनही कधी जाणवलं नाही. आपण बोलण्यात ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. तक्त्यातलं पित्त यकृतातून येतं, ते हिरवट पिवळं आणि किंचित अल्कधर्मी असतं, म्हणजे आम्लाच्या उलटं. ओकारीत आंबट पाणी आलं तर ते आम्ल. रिकाम्या पोटी ओकून ओकून शेवटी जे पिवळं-हिरवं कडू पाणी पडतं, ते खरं पित्त. आपल्या भाषेनं दोन्हींना एकच नाव दिलंय, आणि माझ्या बाबतीत त्या नावानं आजार झाकून ठेवला.

झटके येत राहिले. लग्नातलं जेवण, गावच्या लक्ष्मीयात्रेतलं मटण, एकदा नुसत्या भज्या. जेवणानंतर तास-दोन तासांनी, बहुतेक रात्री. दवाखान्यात दर वेळी आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दोन वर्षांत कुणी माझ्या उजव्या बरगडीखाली हात दाबून पाहिला नाही, किंवा "दुखणं किती वेळ टिकतं?" असं विचारलं नाही. याचा मला आजही राग आहे. पण गोळ्या लागू पडतायत असं मलाही वाटायचंच. कारण पित्ताच्या खड्याचं दुखणं मुळात दोन-चार तासांत आपलं आपण जातं. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकतो, पिशवी आवळते, दुखतं. खडा मागे सरकला की थांबतं. मधल्या वेळात जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते कोकम असो, जिरं असो की गोळी.

२०२३ च्या जुलैत शाळेतल्याच एका बाईंनी धरून बेळगावला नेलं. पाऊस इतका की मच्छे-पिरनवाडीपर्यंत बसच्या काचेतून काही दिसेना. रात्रीपासून पोट रिकामं ठेवायला सांगितलं होतं. त्याचं कारण मला नंतर कळलं आणि ते फार आवडलं. उपाशी असलं की पित्ताशय भरून फुगलेलं असतं, म्हणून सोनोग्राफीत नीट दिसतं. चहा-बिस्कीट खाऊन गेलात तर ते आक्रसतं आणि आतले खडे नजरेतून सुटू शकतात. टेबलावर गार जेल लावून ताई सांगत होत्या, "उसिरु तगोरी... हिडीरी... बिड्री." श्वास घ्या, धरा, सोडा. पडद्यावर एक काळी पिशवी दिसली. तिच्या तळाशी पांढरे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यामागे एक काळी सावली लांबलेली. खड्याच्या पलीकडे ध्वनिलहरी पोचत नाहीत, म्हणून ती सावली. "मग्गलिगे होरळ्री," म्हणाल्या. मी कुशीवर वळले तसे ठिपके घरंगळत गेले. ताईंनी शेजारच्या मुलीला सांगितलं, "पित्तकोशदाग कल्लु अदाव." कन्नडमध्ये पित्ताशयाला पित्तकोश म्हणतात आणि कल्लु म्हणजे दगड. रिपोर्ट हातात येण्याआधीच मला ते समजलं.

सर्जन बैलहोंगलकडचे, पण बेळगावात राहून मराठी आमच्यासारखंच बोलायचे. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ठेवली आणि "मोठा श्वास घ्या" म्हणाले. श्वास अर्ध्यावरच अडकला, पुढे घेताच येईना. चार दिवसांपूर्वीच झटका येऊन गेला होता, आत हुळहुळतच होतं. "टीचर, हे तुम्ही म्हणता ते पित्त नव्हे," ते म्हणाले, आणि कागद ओढून चित्र काढायला लागले.

त्यांनी समजावलं ते मी नंतर पुस्तकांतून पुन्हा वाचलं, त्यामुळे आता कुणाचं वाक्य कुठलं हे सांगता येणार नाही. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पिशवीत मात्र मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. म्हणून पिशवी पित्तातलं पाणी आणि क्षार शोषून घेते आणि ते कित्येक पट घट्ट करून ठेवते. आपण तुपातलं, तेलातलं काही खाल्लं आणि ते लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं. त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. नाव अवघड आहे, पण ग्रीकमधून फोड केली तर अर्थ सरळ निघतो, पित्ताची पिशवी हलवणारं. ते १९२८ साली सापडलं. त्याच्या निरोपावर पिशवी आवळते आणि पित्तनलिकेच्या, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीच्या, टोकाचा स्नायू सैल पडतो. पित्त आतड्यात उतरतं आणि चरबीचे बारीक बारीक कण करतं. मटणाचं पातेलं गार पाण्यानं कितीही विसळलं तरी तेल थरानं चिकटून राहतं, साबण लागला की ते फुटून पाण्यात मिसळतं. पित्त तेच करतं. ते स्वतः चरबी पचवत नाही, स्वादुपिंडाच्या रसाला पचवता येईल इतकी बारीक करून देतं.

हे काम करणारे पित्तक्षार शरीर वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातले सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात आणि रक्तातून पुन्हा यकृतात येतात. सगळा साठा काही ग्रॅमचाच, पण तो दिवसात सहा ते दहा फेऱ्या मारतो. खानापूर-बेळगाव मार्गावर मोजक्याच बस सकाळपासून रात्रीपर्यंत खेपा करतात, तसंच हे.

आता खड्याचं. शरीराला नको असलेलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकायची मोठी वाट म्हणजे पित्तच. पण कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, पित्तक्षार आणि लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ त्याला धरून ठेवतात. हे प्रमाण बिघडलं, कोलेस्टेरॉल जास्त झालं, की त्याचे स्फटिक सुटायला लागतात. साखरेच्या पाकाचं जे होतं ते. त्यातच पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही तर तळाशी गाळ बसतो आणि गाळाचे खडे होतात. दुसरे खडे बिलिरुबिनचे, म्हणजे मोडलेल्या तांबड्या रक्तपेशींतून निघणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचे असतात, काळे किंवा तपकिरी. तांबड्या रक्तपेशी फार फुटण्याचा आजार असेल किंवा पित्तनलिकेत जंतुसंसर्ग असेल तर ते होतात. "माझेच का झाले?" असं मी विचारलं. डॉक्टरांनी एका कारणावर बोट ठेवायला नकार दिला, आणि ते मला प्रामाणिक वाटलं. बाईमाणूस, चाळिशी, दोन बाळंतपणं. आणि लॉकडाऊननंतर मी एका आहारतक्त्यावर तीन महिन्यांत अकरा किलो वजन उतरवलं होतं, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. वजन झपाट्यानं उतरलं की यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं, आणि खाणं कमी असल्यामुळे पिशवी हलत नाही. लांबलचक उपासांतही पिशवी अशीच तुंबून राहते. नवरात्र मी आजही करते, पण दोन्ही वेळा काहीतरी खाते.

ऑपरेशन करून घ्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ज्यांना खडे आहेत पण त्रास नाही, अशांना सहसा ते ऑपरेशन सांगत नाहीत. अशी माणसं पुष्कळ असतात आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण एकदा दुखायला लागलं की ते परत येतं. "गोळीनं विरघळत नाहीत काय?" मी विचारलं. अशी गोळी आहे, पण ती फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालते, महिनोन्महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना खडे पुन्हा होतात.

मी "दिवाळीच्या सुट्टीत बघू" म्हणून परत आले. इथं माझं चुकलं.

गावात खडा म्हटलं की मूतखडाच डोळ्यांसमोर येतो. कुळथाचा काढा आला, पाषाणभेदाचा पाला आला. लघवीची वाट वेगळी आणि पित्ताची वेगळी, मूतखड्याचा खडा मुख्यतः कॅल्शियमचा आणि माझा कोलेस्टेरॉलचा, हे सांगून मी थकले, आणि तरी काढा प्यायले, कारण करून आणणारीचं मन मोडवेना. नंतर कुणीतरी मोबाइलवर ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा उपाय पाठवला. एका रात्रीत सगळे खडे पडतात म्हणे. केला. सकाळी खरोखरच शौचातून हिरवट, मऊ गोळ्या पडल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या डबीत घालून बेळगावला घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत. एक गोळी त्यांनी गरम पाण्यात टाकली, ती विरघळून वर तवंग आला. त्यांनी सांगितलं की हे तेल, लिंबू आणि आतड्यातल्या रसांनी मिळून तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. मग लगेच सोनोग्राफी करवली. माझे खडे होते तिथंच होते.

नोव्हेंबरच्या एका सकाळी चौथीतली एक मुलगी वही दाखवायला आली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "बाई, तुमचे डोळे पिवळे का झालेत?" तीन दिवस लघवी काळ्या चहासारखी होत होती. तळहात-तळपाय इतके खाजायचे की रात्री मी न्हाणीत गार पाण्यात पाय सोडून बसायचे. आणि शौच शाडूच्या मातीसारखं, पांढरट. एक बारका खडा पिशवीतून सुटून मुख्य पित्तनलिकेत जाऊन अडकला होता. लघवी, शौच, कातडी, डोळे, सगळ्याचा रंग का बदलला ते या एका गोष्टीतून कळतं. जुन्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात, त्यातून बिलिरुबिन निघतं, ते पित्तातून आतड्यात जातं. शौचाचा नेहमीचा रंग त्याच्यापासूनच येतो. वाट बंद झाली की शौच पांढरं पडतं, आणि साठलेलं बिलिरुबिन रक्तात चढून डोळ्यांत दिसतं, लघवीतून जातं.

घरी माझ्या आईचा फोन आला, अमक्या गावात कावीळ उतरवतात, पानांचा रस देतात, आधी तिथं जा. आमचे हे एरवी आईंच्या शब्दाबाहेर जात नाहीत. त्या दिवशी गेले. "आई, ही ती कावीळ नव्हे, हिची वाट बंद झालीय," एवढंच म्हणाले आणि गाडी काढली. बेळगावच्या उद्यमबागपर्यंत पोचेस्तोवर मला थंडी वाजून ताप भरला, दात वाजायला लागले. दुखणं, कावीळ आणि थंडी-ताप तिन्ही एकत्र आले की अडकलेल्या पित्तात जंतू वाढलेत असं समजायचं. त्याला सकाळपर्यंत थांबता येत नाही.

त्या रात्रीचं मला तुटक आठवतं. बिलिरुबिन ६.४, जे १.२ च्या आत हवं. रक्त गोठायला वेळ लागत होता म्हणून व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं. पित्त आतड्यात पोचलं नाही तर चरबी शोषली जात नाही, चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन के सुद्धा शोषलं जात नाही, आणि त्याच्याशिवाय यकृताला रक्त गोठवणारे घटक तयार करता येत नाहीत. एवढ्याशा खड्यानं कुठपर्यंत हात पोचवला होता! दुसऱ्या दिवशी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय तपासणी झाली. बोगद्यासारख्या मशीनमध्ये पडून राहायचं, सुई नाही, दुखणं नाही, आवाज मात्र फार. नळी सहा मिलिमीटरच्या आसपास असावी, ती फुगून अकरा झाली होती, आणि तिच्या तळाशी खडा.

मग ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालून जठर ओलांडून पित्तनलिका आतड्यात उघडते तिथपर्यंत जातात, तोंडाचा स्नायू थोडा कापून वाट मोठी करतात आणि खडा फुग्यानं ओढून आतड्यात सोडतात. मला गुंगी होती. यानंतर शंभरात तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, हे आधीच सांगून सही घेतली होती. मला नाही आली. पित्तनलिकेत एक प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवला, तो सहा आठवड्यांनी तसाच दुर्बिणीनं काढला. खाज मात्र दुसऱ्याच रात्री कमी झाली. त्या रात्री मी सलग झोपले.

पिशवी काढायचं ऑपरेशन त्याच मुक्कामात, तीन दिवसांनी. संमतिपत्र कन्नडमध्ये होतं. कन्नड मला वाचता येतं, पण हे कन्नड वेगळं होतं. रात्रपाळीच्या नर्सनं शेजारी बसून ओळ न ओळ मराठीत सांगितली. तिला घाई होती, दोन खाटांवरून हाका येत होत्या, तरी तिनं एकही ओळ गाळली नाही. दुर्बिणीनं जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, ही ओळ. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याची शक्यता, हजारात तीन ते पाच, ही दुसरी. सकाळी सर्जनना विचारलं तेव्हा ते म्हणाले, पिशवीत जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रोहिणी, पूर्ण मोकळ्या करून डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. सूज जास्त असेल आणि ते दिसलं नाही, तर पोट उघडेन. उघडणं हे अपयश समजू नका.

माझ्या निपाणीच्या मावशीचं हेच ऑपरेशन १९८८ साली झालं होतं. तिच्या बरगडीच्या कडेनं वीतभर व्रण आहे, आणि दहा-बारा दिवस ती दवाखान्यात होती. पोट उघडून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते बर्लिनमध्ये, कार्ल लांगेनबुख यांनी, १८८२ साली. पुढची शंभर वर्षं तीच रीत राहिली. दुर्बिणीनं पहिल्यांदा काढलं एरिख म्युहे यांनी, जर्मनीतच, १९८५ मध्ये. भारतात ते डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं. मावशीचं आणि त्याचं अंतर दोन वर्षांचं. मावशी माझी चार भोकं बघून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं झालं गे, तुला उशिरा झालं."

शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता, आणि मी घाबरले, जुनं दुखणं परत आलं की काय. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरतात, उरलेला वायू श्वासपटलाला लागतो, आणि श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याची जाणीवही तिथूनच येते. म्हणून दुखतं श्वासपटलाला आणि कळतं खांद्यात. खड्याचं दुखणंही अशाच फसव्या वाटेनं पाठीत-खांद्यात पोचतं. दोन दिवस व्हरांड्यात फेऱ्या मारल्यावर गेलं.

खडे त्यांनी एका छोट्या बाटलीत घालून दिले. एकवीस. पिवळसर तपकिरी, कोपऱ्याकोपऱ्यांचे, एकमेकांवर घासून सपाट झालेले. पिशवी तपासणीला गेली. काढलेलं प्रत्येक पित्ताशय तपासणीला पाठवायचं, क्वचित त्यात कर्करोग निघतो. गंगेकाठच्या उत्तर भारतात तो जास्त दिसतो, आपल्याकडं कमी, पण पाठवायचंच. माझ्यात जुनी सूज निघाली, बाकी काही नाही.

"पिशवीच नाही, मग आता पचणार कसं?" हे मला आजही सगळे विचारतात. पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत नाही. पिशवी फक्त साठवायची. आता ते थेंब थेंब सरळ आतड्यात उतरत राहतं. पहिले दोन महिने तेलकट खाल्लं की पोट सैल व्हायचं, मग बसलं. गेल्या यात्रेत मी मटण खाल्लं, थोडंच, पण खाल्लं. सासूबाई रात्रभर जाग्या होत्या. मी झोपले होते.

वर्गात तोच तक्ता आहे. आता पट्टी त्या हिरव्या पिशवीवर आली की मी मुलांना आधी विचारते, घरी पित्त झालं म्हणतात तेव्हा काय होतं? छातीत जळतं, डोकं दुखतं, आंबट येतं, अंगावर गांधी उठतात, सगळी उत्तरं येतात, आणि मी ती फळ्यावर लिहिते. मग म्हणते, यातलं या पिशवीतलं कुठलं?

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावच्या अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. रात्री पित्तानं झोप नाही. मी विचारलं, जळतं की आवळतं? आंबट येतं की कडू? किती वेळ टिकतं, आणि पाठीत जातं काय? थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाठीत जातं बाई. तीन तास." शनिवारी सकाळची पहिली बस ठरलीय, दोघी जाणार आहोत. त्यांना सांगून ठेवलंय, रात्रीपासून काही खायचं नाही, चहासुद्धा नाही.